‘मिरिअड’ हा इंग्रजी शब्द शिकताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात नंदनवन भागातील एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या, बहुतेक मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींना मी संध्याकाळी इंग्रजी शब्दसंग्रह शिकवतो. ‘पुष्कळ’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांपैकी ‘मिरिअड’ या एकाच शब्दावर दरवर्षी इतक्या शंका येतात की त्यांची उत्तरे एकदा सविस्तर लिहून ठेवावीत असे वाटले. प्रश्न शक्यतो विद्यार्थ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत.

‘मिरिअड’ म्हणजे ‘मेनी’च ना? मग वेगळा शब्द कशाला शिकायचा?

‘मेनी’ हा शब्द फक्त संख्या मोठी आहे एवढेच सांगतो. ‘मिरिअड’ त्याहून दोन गोष्टी अधिक सांगतो. एक म्हणजे मोजणाऱ्याने मोजण्याचा नाद सोडून दिला आहे, आणि दुसरी म्हणजे समोर जे आहे ते बहुधा एकसारखे नाही, नाना तऱ्हेचे आहे. कोशात ही दुसरी छटा दरवेळी स्पष्ट लिहिलेली नसते, परंतु चांगल्या इंग्रजी लेखनात हा शब्द जिथे जिथे भेटतो तिथे ती बहुतेक वेळा असतेच.

शाळा सुरू होण्याच्या सुमारास एखाद्या दुकानात एकाच शाळेच्या गणवेशाचे दोनशे सदरे रचून ठेवलेले दिसतात. ते ‘मेनी’ आहेत. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, मोदीच्या गल्ल्यांतून चालत गेले, की आकाशकंदील, रांगोळीचे छाप, मोबाईलची कव्हरे, पायमोजे, दिव्यांच्या माळा आणि या सगळ्यांवरून एकमेकांना आवाज देणारे विक्रेते असे जे काही एकदम अंगावर येते, त्याला ‘मिरिअड’ शोभतो.

उच्चार ‘मायरिअड’ की ‘मिरिअड’?

‘मिरिअड’. स्पेलिंगच्या सुरुवातीला ‘एम’ आणि ‘वाय’ दिसल्यामुळे आपल्या मुलांच्या तोंडी ‘माय’ येते, पण ‘मिस्टरी’ या शब्दाची सुरुवातही त्याच दोन अक्षरांनी होते आणि तिथे कोणी ‘मायस्टरी’ म्हणत नाही, हे एकदा लक्षात आणून दिले की चूक सुटते. जोर पहिल्या अवयवावर (‘मि’वर) द्यावा आणि शेवटचा ‘अड’ अगदी हलका सोडावा. स्पेलिंग एम, वाय, आर, आय, ए, डी असे आहे. ‘आर’ एकच आहे. ‘मिरर’च्या स्पेलिंगची सवय हाताला असल्यामुळे तो दोनदा लिहिला जातो.

या शब्दाचा मूळ अर्थ दहा हजार असा आहे, हे खरे का? दहा हजार म्हणजे अगणित कसे?

खरे आहे. ग्रीक भाषेत दहा हजारांसाठी ‘मिरिओई’ हा शब्द होता, आणि स्वतःचे वेगळे नाव असलेली ती त्यांची सर्वांत मोठी संख्या होती. आघात पहिल्या अवयवावर दिला तर दहा हजार आणि दुसऱ्या अवयवावर दिला तर अगणित, असा भेद ग्रीक व्याकरणकार सांगत असत. म्हणजे नेमकी संख्या आणि संख्येपलीकडचे, हे दोन्ही अर्थ या शब्दाच्या पोटात आधीपासूनच होते. पुढे तो लॅटिनमार्गे इंग्रजीत सोळाव्या शतकात आला तेव्हा दोन्ही अर्थ घेऊन आला, आणि कालांतराने दहा हजारांचा अर्थ मागे पडून अगणित हाच अर्थ रोजच्या वापरात उरला.

यात नवल वाटण्यासारखे काही नाही, कारण आपणही हेच केले आहे. सूर्याला सहस्ररश्मी म्हणताना कोणी किरण मोजलेले नसतात, ‘हजारदा सांगितले’ म्हणणारी आई वहीत नोंद ठेवत नाही, आणि ‘कोटी कोटी प्रणाम’ लिहिणाऱ्याला हिशेब विचारण्याची पद्धत नाही. हाताशी असलेली मोठी संख्या पुढे ‘मोजता येणार नाही इतके’ या अर्थाने वापरली जाणे ही भाषेची जुनी खोड आहे.

दहा हजार ही संख्या केवढी, याची कल्पना यावी म्हणून मी वर्गात काळ्या कागदावर खसखशीचा एक दाणा ठेवतो आणि भिंगातून पाहायला देतो. अनारशाला चिकटलेली खसखस सर्वांनी खाल्लेली असते, पण तिचा एकच दाणा निरखून पाहिलेला कोणी नसतो. मग आर्किमिडीजची गोष्ट सांगतो. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिराक्यूजच्या या गणितज्ञाने राजा गेलॉन याला उद्देशून एक छोटा ग्रंथ लिहिला. वाळूचे कण अगणित आहेत असे लोक समजतात, परंतु सारे विश्व वाळूने भरले तरी त्या कणांची संख्या नाव देऊन सांगता येते, हे त्याला दाखवायचे होते. कणांच्या मोजणीचा आरंभ त्याने असा केला की खसखशीच्या एका दाण्याएवढ्या जागेत वाळूचे दहा हजारांहून अधिक कण मावणार नाहीत असे धरू. म्हणजे एक ‘मिरिअड’ त्या काळ्या कागदावरच्या ठिपक्यात बसली. त्यानंतर दहा हजारांची दहा हजार पट, म्हणजे दहा कोटी, हे त्याने नवे माप मानले, त्या मापावर पुन्हा मापे रचली, आणि त्या काळी कल्पिलेल्या विश्वात एकावर ६३ शून्ये या संख्येहून कमीच कण मावतील असा निष्कर्ष काढला. ज्या शब्दाने बाकीचे लोक मोजणे थांबवत होते, त्याच शब्दापासून या माणसाने मोजायला सुरुवात केली. भिंग फिरत फिरत शेवटच्या बाकापर्यंत जाईस्तोवर तो दाणा एकदा तरी हरवतोच.

आपल्याकडे दहा हजारांसाठी वेगळा शब्द नाही का?

आहे, ‘अयुत’. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे इ. स. ११५० च्या सुमारास, एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध अशी दसपटीने वाढणारी १८ स्थाने दिली आहेत. ज्या दहा कोटींना आर्किमिडीजला ‘दहा हजारांचे दहा हजार’ असे म्हणावे लागले, त्यांना या यादीत ‘अर्बुद’ हे स्वतंत्र नाव आहे. परार्ध म्हणजे एकावर १७ शून्ये.

बोलण्यातून मात्र ‘अयुत’ निघून गेला. ‘अयुतचंडी’सारख्या धार्मिक विधीच्या नावात तो अजून भेटतो, आणि व्यवहारात आपण हजारावरून थेट लाखावर उडी मारतो. चिनी आणि जपानी लोकांनी दहा हजारांचा शब्द टिकवला व पुढची सारी मोजणी त्याच्यावरच बेतली. तुलना म्हणून ‘अयुत’ लक्षात ठेवावा, परंतु उताऱ्याच्या भाषांतरात ‘मिरिअड’साठी तो लिहू नये, कारण वाचणाऱ्याला तो कळणार नाही आणि अर्थही चुकेल.

‘मिरिअड रीझन्स’ बरोबर की ‘अ मिरिअड ऑफ रीझन्स’?

सर्वांत अधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि यावर वर्गात भांडणे झालेली मी पाहिली आहेत. दोन्ही बरोबर आहेत. पहिल्या रचनेत हा शब्द विशेषण आहे, दुसरीत नाम आहे. पुष्कळ शिक्षक, आणि बर्डीवरून आणलेली शब्दांची काही जाड पुस्तके, दुसरी रचना अशुद्ध ठरवतात. त्यांच्या मते हा शब्द मुळात विशेषण असून ‘अ’ आणि ‘ऑफ’ हे मागाहून चिकटलेले अज्ञान आहे. वस्तुस्थिती उलट आहे. इंग्रजीत नाम म्हणून हा शब्द सोळाव्या शतकापासून आढळतो आणि विशेषण म्हणून त्याचा वापर त्याच्या बऱ्याच नंतरचा आहे. कवी मिल्टन याने ‘मिरिअड्स’ असे अनेकवचन वापरले आहे आणि अमेरिकन लेखक थोरो याने ‘अ मिरिअड ऑफ’ ही रचना केली आहे. या दोघांना लाल शाई लावण्याचे धाडस आपण करू नये.

खरी चूक तिसरीच आहे आणि ती आपल्याकडे फार होते. मुले ‘देअर आर मिरिअड ऑफ रीझन्स’ असे लिहितात, म्हणजे ‘ऑफ’ ठेवतात आणि ‘अ’ गाळतात. या वाक्यात शब्द धड विशेषणही राहत नाही आणि धड नामही होत नाही. नियम सोपा आहे : ‘ऑफ’ लिहायचा असेल तर आधी ‘अ’ लिहावा किंवा शब्दाचे ‘मिरिअड्स’ असे अनेकवचन करावे, दोन्ही नको असेल तर ‘ऑफ’ही नको.

माझी स्वतःची पसंती विशेषणाला आहे. दोन शब्द वाचतात आणि चूक होण्याची जागाच उरत नाही, शिवाय दुसरी रचना अशुद्ध मानणारा परीक्षक वाट्याला आला तरी गुण जात नाहीत. पर्यायी उत्तरांच्या प्रश्नात मात्र ‘अ मिरिअड ऑफ’ला निव्वळ त्या कारणाने चूक समजून पुढे जाऊ नये.

‘अ मिरिअड ऑफ’नंतर क्रियापद एकवचनी की अनेकवचनी?

अनेकवचनी. ‘अ लॉट ऑफ पीपल आर’ म्हणतो तसेच.

‘मिरिअड वॉटर’, ‘मिरिअड इन्फर्मेशन’ असे लिहिता येते का?

येत नाही. ज्याचे नग करता येतात त्याच्यासाठीच हा शब्द आहे, आणि त्याच्या पुढचे नाम अनेकवचनी असावे लागते. पाणी, माहिती, सल्ला, फर्निचर ही इंग्रजीत अगणनीय नामे आहेत. मराठीत ‘असंख्य माहिती’ असे आता सर्रास ऐकू येते, तिथूनच ही चूक इंग्रजीत उतरत असावी असा माझा संशय आहे. मराठीतही ते खटकते, तिथे ‘भरपूर माहिती’ म्हणावे. ‘व्हेरी मिरिअड’ किंवा ‘मेनी मिरिअड’ असेही लिहू नये. अगणिताला आणखी ‘फार’ लावून काही वाढत नाही.

दीक्षाभूमीवरच्या गर्दीसाठी हा शब्द वापरला तर माझा शब्द का खोडला?

एका विद्यार्थिनीने निबंधात असे वाक्य लिहिले होते आणि मी तिथे ‘लाखो’ या अर्थाचा शब्द सुचवला होता, त्यावरून हा प्रश्न आला. व्याकरणाच्या दृष्टीने तिचे वाक्य चुकीचे नव्हते. परंतु १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो लोक येतात, ही संख्येने सांगण्याची आणि संख्येनेच ठसणारी गोष्ट आहे. पांढरी वस्त्रे नेसून एकाच वाटेने, एकाच ओढीने येणाऱ्या त्या समुदायाला विविधतेचा शब्द लावला की वाक्याचा जोर कमी होतो.

त्याच मैदानाभोवती त्या दिवसांत पुस्तकांची दुकाने लागतात. जाडजूड ग्रंथ, पातळ पुस्तिका, भाषणांचे संच, गाण्यांची पुस्तके, दिनदर्शिका, निरनिराळ्या भाषांतील भाषांतरे असे एका टेबलावर किती प्रकार मांडलेले असतात हे पाहणाऱ्याला ठाऊक आहे. त्या वाक्यात मी ‘मिरिअड’ आनंदाने ठेवला असता. थोडक्यात नियम असा की आकडा माहीत असेल आणि तो महत्त्वाचा असेल, तर आकडाच द्यावा.

‘प्लेथोरा’ आणि ‘अम्प्टीन’ हे समानार्थी आहेत ना? यादीत तर एकाच ओळीत दिले आहेत.

यादी करणाऱ्याची सोय आणि शब्दाचा अर्थ या वेगळ्या गोष्टी आहेत. ‘प्लेथोरा’ हाही ग्रीक मुळाचा शब्द. त्याचा अर्थ भरून जाणे, आणि जुन्या वैद्यकात शरीरात रक्त प्रमाणाबाहेर साचण्याच्या विकाराला तो लावत असत. त्यामुळे ‘गरजेपेक्षा जास्त’ ही छटा त्याला आजही चिकटून आहे. अलीकडे पुष्कळ लोक तो नुसत्या ‘भरपूर’ या अर्थाने लिहितात हे खरे, पण काळजीपूर्वक वाचणाऱ्याला ती छटा ऐकू येते.

ती मला कशी ऐकू आली ते सांगतो. तरुणपणी एका शाळेत नोकरीसाठी अर्ज करताना, आपल्याकडे अनुभवी शिक्षकांची ‘प्लेथोरा’ आहे असे मी मोठ्या कौतुकाने लिहिले. मुलाखतीत मुख्याध्यापकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि शिक्षक जर आधीच जास्त झाले असतील, तर आणखी एक कशाला घ्यावा, असे विचारले. मला उत्तर सुचले नाही. नोकरीही मिळाली नाही, अर्थात तिचे कारण एवढेच असेल असे म्हणता येत नाही.

‘अम्प्टीन’ हा बोलण्यातला शब्द आहे आणि त्यात वैताग भरलेला आहे. ‘तुला अम्प्टीन वेळा सांगितले’ म्हणजे सांगून सांगून थकलो. औपचारिक निबंधात तो बसत नाही. ‘गूगोल’ मात्र या घोळक्यातला नाहीच : ती एकावर १०० शून्ये अशी नेमकी संख्या आहे, तिचे नाव अमेरिकन गणितज्ञ एडवर्ड कॅस्नर यांच्या लहानग्या भाच्याने सुचवले, आणि ‘गूगल’ हे कंपनीचे नाव त्याच शब्दावरून आले.

मराठीत ‘मिरिअड’चे भाषांतर काय करावे?

मोठ्या संख्येसाठी मराठीत शब्दांचा तोटा नाही, पण प्रत्येकाचा स्वभाव निराळा आहे. ‘रग्गड’ आणि ‘मुबलक’ यांत पुरून उरण्याचे समाधान आहे. ‘पायलीचे पन्नास’ यात तुच्छता आहे. ‘असे छप्पन्न पाहिलेत’ म्हणणारा आव्हान देत असतो. ‘सतराशे साठ’मध्ये त्रास आहे, आणि म्हणून ‘अम्प्टीन’ला इतका चपखल बसणारा दुसरा शब्द मला सापडलेला नाही, सतराशे साठ भानगडी कोणी मोजून सतराशे साठ भरवत नाही. आपल्या वऱ्हाडी-नागपुरी बोलीत ‘गंज लोक आले होते’ म्हणतात त्या ‘गंज’मध्ये निव्वळ विपुलता आहे. (बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगायचे, तर आमच्याकडे गंज म्हणजे भाताचे पातेलेही, दोन्ही अर्थ एकाच वाक्यात आले की पुण्याहून आलेल्या सुनेची पंचाईत होते.)

यांपैकी एकही ‘मिरिअड’चा जोडीदार नाही. केवळ संख्येवर भर असेल तर ‘असंख्य’ किंवा ‘अगणित’ लिहावे, आणि प्रकारांवर भर असेल तर ‘नानाविध’ लिहावे. माझ्या अनुभवाने दहापैकी सहा-सात वेळा ‘नानाविध’च योग्य ठरतो, आणि मुले दहाही वेळा ‘असंख्य’ लिहितात.

जीवशास्त्रातला ‘मिरिअपॉड’ हा शब्द याच कुळातला का?

होय. ‘पॉड’ म्हणजे पाय. गोमेसारख्या पुष्कळ पायांच्या प्राण्यांच्या गटाचे हे नाव आहे. नावाप्रमाणे दहा हजार पाय मात्र कोणालाच नाहीत. ज्यांना इंग्रजीत ‘हजारपायी’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात त्यांच्यापैकीही हजारावर पाय असलेली पहिली जात ऑस्ट्रेलियात जमिनीखाली खोल सापडली आणि २०२१ मध्ये तिची माहिती प्रसिद्ध झाली. तिला १,३०६ पाय मोजले गेले.

मिलियन, बिलियन यांत गोंधळ होतो. त्यांचे काय करावे?

ते नेमक्या संख्यांचे शब्द आहेत, म्हणून ते गणितासारखेच पाठ करावे लागतात. मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे शंभर कोटी, ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. २०११ च्या जनगणनेतील नागपूर शहराची लोकसंख्या, २४,०५,६६५, इंग्रजी बातमीत सुमारे २.४ मिलियन होते. जुनी ब्रिटिश पुस्तके वाचणाऱ्यांनी एक सावधगिरी बाळगावी : ब्रिटनमध्ये बिलियन म्हणजे पूर्वी मिलियनचे मिलियन असे, आणि आजचा अर्थ सरकारी पातळीवर १९७४ मध्ये स्वीकारला गेला.

निबंधात हा शब्द किती वेळा वापरावा?

एकदा. दुसऱ्यांदा आला की परीक्षकाला तो नुकताच शिकलेला आहे हे कळते.

शब्द लक्षात राहत नाही. पाठ कसा करावा?

अर्थासमोर शब्द लिहून तो पन्नास वेळा घोकण्याने हा शब्द ओळखता येतो, वापरता येत नाही. मी एक काम देतो. स्वतःच्या घरातील, गल्लीतील किंवा गावातील अशी एक गोष्ट शोधायची जी मोजण्याच्या पलीकडची आहे आणि नाना प्रकारची आहे, आणि तिच्यावर एकच वाक्य लिहायचे. ते वाक्य दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने न पाहता पुन्हा लिहायचे. पुस्तकातील तारे आणि समुद्राच्या लाटा चालणार नाहीत, ही माझी अट आहे. फुटाळा तलावाच्या पाण्यात हलणारे दिवे पहिल्या वर्षी चांगले वाटले होते, आता तेही बाद केले आहेत.

गेल्या खेपेस काटोलकडच्या एका मुलीने संत्राउत्पादकाच्या ‘मिरिअड वरीज’ असे लिहून आणले. नानाविध कशावरून, असे मी विचारले, तेव्हा तिने बोटांवर मोजायला सुरुवात केली : आंबिया बहाराच्या वेळी येणारी गारपीट, फळगळ, कोळशी आणि डिंक्या हे झाडांचे रोग, विहिरीचे पाणी, रात्रीची वीज, मजूर, गाडीभाडे, कळमन्याच्या बाजारातला भाव, आणि भाव चांगला असेल त्या वर्षी बागेत फळच नसणे. दोन्ही हातांची बोटे संपल्यावर ती थांबली आणि अजून आहेत, सर, असे म्हणाली. त्या वाक्यात मी एवढाच बदल केला, की तिने ‘मिरिअड’नंतर लिहिलेला ‘ऑफ’ खोडला.